फ्लॉपी कुठल्या गोठ्यातली

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात, एका दसऱ्याच्या सकाळी, केजमधल्या एका घरातल्या संगणकाने चार फ्लॉप्या एकामागून एक वाचायला नकार दिला. चारही फ्लॉप्यांवर एकच मजकूर होता. तो घरमालकांच्या मुलीचा पीएच.डी.चा प्रबंध होता. दिवाळीच्या सुट्टीआधी तो विद्यापीठात दाखल झाला नाही, तर महाविद्यालयातली तिची हंगामी नोकरी पुढे चालू राहणार नव्हती. संस्थेने तसे लेखी कळवले होते. पाचवी निरोगी प्रत नव्हती.

मी त्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत भाड्याने राहत होतो. बीडच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून काम करत होतो. घरमालकांना सगळे अप्पा म्हणत. पशुसंवर्धन खात्यात त्यांची सगळी नोकरी तालुक्यातल्या जनावरांना लस टोचण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलीच्या प्रबंधासाठी घरात संगणक आणला. केजमध्ये तेव्हा एवढ्यावर बातमी होत असे. अप्पांनी ती देऊ दिली नाही.

"बातमी आली की लोक येतील. लोक आले की फ्लॉप्या येतील," ते म्हणाले.

संगणकाला आजार होतो आणि तो फ्लॉपीतून पसरतो, हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचले होते. आजाराला व्हायरस म्हणतात हे कळल्यावर त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. बाजारातून आणलेले जनावर थेट दावणीला बांधायचे नसते. ते आधी लांब बांधून पाहायचे असते. अप्पांनी हा नियम जसाच्या तसा फ्लॉपीला लावला.

मी एकदा बातमी टाइप करायला त्यांचा संगणक मागितला. सोबत कार्यालयातून आणलेली फ्लॉपी होती. अप्पांनी ती हातात घेतली नाही. ओट्यावर ठेवायला सांगितली.

"कुठल्या गोठ्यातली हाय?"

"हापिसातली."

"हापिसात किती जण शिवत्यात?"

"सगळेच."

"मग बाजारातली म्हणा की."

त्यांनी ती चिमट्याने उचलून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. हा डबा घराच्या मागे, शेळ्यांच्या छपरात खुंटीला टांगलेला असे. मी बातमी हाताने लिहून बीडच्या गाडीवर दिली. फ्लॉपी किती दिवस लांब बांधायची हे अप्पांनी कधीच सांगितले नाही. माझी फ्लॉपी मला खोली सोडताना परत मिळाली.

मुलीने त्यांना एकदा माझ्यासमोर विचारले होते, "अप्पा, फ्लॉपीचा ताप काय उतरतो का? डब्यात ठेवून होणार काय?"

"तिला होणार काय न्हाई," अप्पा म्हणाले. "पर बाकीच्यांना बी होणार न्हाई."

त्यांच्या या धास्तीला एक जुने कारण होते. नोकरीत असताना चौसाळ्याच्या बाजारातून त्यांच्या मेव्हण्याने बैल घेतला. घरचाच माणूस, आणि बैल दिसायला ठणठणीत. अप्पांनी लांब बांधायला सांगितले नाही. बैलाला लाळ्या-खुरकत निघाला आणि मेव्हण्याचा सगळा गोठा बसला. अप्पांच्या बायकोने मला हे सांगितले, तेव्हा अप्पा शेजारी बसले होते. त्यांनी फक्त एक दुरुस्ती केली.

"ठणठणीत न्हवता. मी नीट बघितला न्हवता."

संगणकाला हात लावण्याआधी ते जंतू मारणाऱ्या पोटॅशच्या लाल पाण्यात हात धूत. कीबोर्डच्या लांब पट्टीवर त्यामुळे तपकिरी डाग पडला होता. काही व्हायरस ठरलेल्या तारखेला उठतात असे वाचल्यापासून त्यांनी यंत्राची तारीख खरी ठेवली नाही. कधी मागे, कधी पुढे. घरात आषाढ असताना यंत्रात संक्रांत होऊन गेलेली असे. मुलीने हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, "त्याला कळायलाच नको आज काय हाय ते."

यंत्राच्या आत मजकूर ठेवायलाही बंदी होती. काम संपले की मुलीने प्रबंध फ्लॉपीवर उतरवायचा आणि आतला पुसून टाकायचा. अप्पांच्या मते यंत्राचे पोट म्हणजे गोठाच. आजार शिरला तर आधी तिथे शिरणार, मग तिथे जित्राब ठेवावे कशाला?

राहिल्या चार फ्लॉप्या. एक घरातल्या कपाटात. दुसरी घाटनांदूरला त्यांच्या बहिणीकडे. तिसरी चौसाळ्याला, त्यांच्या मित्राच्या कापड दुकानात. चौथी नेहमी वाटेवर असायची. दोन प्रती एका छपराखाली राहू द्यायच्या नाहीत, हा नियम होता. घराला आग लागली, चोर आला, वीज पडली, तरी तीन वाचतील असा हिशेब होता. आगीचा आणि चोराचा विषय अप्पांच्या बोलण्यात जेवणाच्या वेळीही निघत असे.

वाटेवरची प्रत एसटीने जाई. आमच्या भागात शिकायला ठेवलेल्या मुलांचे जेवणाचे डबे गावाहून एसटीने येत. अप्पांनी तीच सोय वापरली. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली फ्लॉपी जेवणाच्या डब्यात घालायची आणि घाटनांदूरच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायची. मी स्टँडवर असताना एकदा कंडक्टरने डबा कानाशी नेऊन हलवला.

"अप्पा, ह्याला वजन न्हाई, वास न्हाई. भाकर तर न्हाईच. बॉम्ब-बिम हाय का काय?"

"पोरीचं पुस्तक हाय."

"एवढ्याशा डब्यात?"

"तीनशे पानं हायत. आडवा करू नगंस."

"पानं सांडतील काय?" कंडक्टर म्हणाला आणि डबा सीटखाली सारला. अप्पा गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहिले.

बहीण घाटनांदूरच्या स्टँडवर डबा उतरवून घेई आणि तिच्याकडची जुनी फ्लॉपी परत पाठवी. रिकामा डबा पाठवणे तिला पटत नसे. सुरुवातीला फ्लॉपीसोबत शेंगदाण्याची चटणी आली. अप्पांनी निरोप धाडला की डबा कोरडा पाहिजे. ती नंतर केजला आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "भाऊबिजेला साडी न्हाई, पंचमीला गाडी न्हाई. दर आठवड्याला पत्र्याचा डबा तेवढा येतोय. आन् वर म्हनतो, चटणी कावून घातली!"

"तुझ्या चटणीत तेल असतंय," अप्पा म्हणाले.

"तेल नसंल तर चटणी कशाची?"

प्रबंध केज तालुक्यातल्या विहिरींच्या पाण्याच्या पातळीवर होता. मुलीने दोर आणि वजन घेऊन गावोगावच्या विहिरी तीन वर्षे मोजल्या होत्या. मोजणीच्या चिठ्ठ्या एका पोत्यात होत्या. त्यावरून केलेली कोष्टके आणि सगळे लिखाण मात्र फ्लॉप्यांवरच होते. कागदावर एकही प्रकरण नव्हते. घरी प्रिंटर नव्हता, आणि छापायचे म्हणजे फ्लॉपी दुसऱ्याच्या यंत्रात घालणे आले.

श्रावणात तिने ते एकदा केले. मार्गदर्शकांना पहिली प्रकरणे बघायची होती. तिने एका नव्या फ्लॉपीवर तोवरचा प्रबंध घेतला आणि अप्पांना न सांगता अंबाजोगाईच्या एका संगणक केंद्रात गेली. तिथल्या यंत्रात तिचा मराठी फॉन्ट नव्हता. छापून आलेल्या पानावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्याची चिन्हे होती. ती तशीच परत आली. संध्याकाळी तिने अप्पांना खरे ते सांगितले. अप्पांनी फ्लॉपी मागितली, ती तपासलीही नाही, आणि शेळ्यांच्या छपरातल्या डब्यात टाकली. डब्याला लाल दोरा बांधला.

"मोडून टाका की मग," त्यांची बायको म्हणाली.

"आजारी हाय म्हणून कुणी मारतं का?" अप्पा म्हणाले.

खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असे. नोकरीपासूनची रीत होती. सिरिंज, थर्मामीटर, खच्चीकरणाचा चिमटा, विळा, कात्री, शिवणयंत्र, सगळे पाटावर मांडायचे. एका वर्षी थर्मामीटर पिशवीत राहून गेले होते. दुसऱ्याच आठवड्यात ते गाईच्या पोटात फुटले. तेव्हापासून घरातले एकही हत्यार पूजेबाहेर राहायचे नाही, असे अप्पांनी ठरवले होते. त्या वर्षी मुलीचा दोर आणि वजनही पाटावर आले. कीबोर्ड आला. आणि चारही फ्लॉप्या आल्या.

वाटेवरची त्या दिवशी घरीच थांबवली होती. घाटनांदूरची सकाळच्या गाडीने डब्यातून आली. चौसाळ्याची घेऊन अप्पांचे मित्र स्वतः आले. ते ओट्यावरून ओरडले, "घ्या तुमचं जनावर! रातभर वरडलं न्हाई, चारा मागितला न्हाई."

मुलीने पाटाकडे पाहिले.

"अप्पा, चारही एका छपराखाली?"

"एक रात."

"तुम्हीच म्हणता—"

"मी म्हणतो ते रोजचं. आज पूजा हाय. तुझं बुक जायच्या टायमाला एक हत्यार भायेर ठिवू का?"

ती स्वयंपाकघरात नैवेद्याचे पाहायला गेली. अप्पांच्या बायकोने फ्लॉप्यांवर विभूतीची बोटे ओढायला सुरुवात केली. काळ्या कव्हरांवर पांढरे तीन पट्टे चांगले उठून दिसत होते. अप्पांनी तिचा हात धरला.

"वरून काय लावती? म्यानाला लावून तलवारीची पूजा होती का?"

त्यांनी पोटॅशच्या पाण्यात धुतलेल्या हातांनी फ्लॉपीची पत्र्याची झडप अंगठ्याने सरकवली. आतली तपकिरी चकती दिसली. चिमूटभर विभूती त्यांनी बोटाने तिच्यावर लावली. झडप सोडली. मग दुसरी घेतली.

"अप्पा, यंत्राच्या मालाला हे चालतंय का?" मित्राने विचारले.

"राखंत जंतू जगत न्हाई," अप्पा म्हणाले. "मी जखमेला लावलेली हाय. भरून येती."

आणखी कोणी हरकत घेतली नाही. चारही फ्लॉप्यांना विभूती लागली. आरती झाली. हत्यारे रात्रभर पाटावर राहिली.

दसऱ्याच्या सकाळी मायलेकी देवळात गेल्या होत्या. पूजा उतरवल्यावर प्रत्येक हत्यार एकदा चालवून पाहायचे, ही रीतीचीच पुढची पायरी. अप्पांनी विळ्याने गवताची पेंढी कापली. सिरिंजमध्ये पाणी ओढले. मग संगणक चालू केला आणि पहिली फ्लॉपी घातली. मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो. आतून खरखर आवाज आला, जात्यात खडा गेल्यासारखा. तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

अप्पांनी मला आत बोलावले. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. फ्लॉपी वाचता येत नाही, असा तिचा अर्थ होता.

"ही घरातली," ते म्हणाले. "हिला काय तरी झालंय. घाटनांदूरची लावतो."

घाटनांदूरची लावली. तोच आवाज, तीच ओळ. अप्पांनी शर्टाला हात पुसले. चौसाळ्याची लावली. मग चौथी. ते थांबले असते तर चौथी कदाचित दुरुस्त करता आली असती, असे नंतर मेकॅनिकने सांगितले. पण एकेक फ्लॉपी गेली तशी पुढची ठीक आहे की नाही हे बघितल्याशिवाय त्यांना बसवत नव्हते.

मुलगी परत आली तेव्हा चारही फ्लॉप्या टेबलावर ओळीने ठेवलेल्या होत्या. तिच्या हातात आपट्याची पाने होती. तिने पडदा वाचला, मग फ्लॉप्या उचलून एकेकीची झडप सरकवली. चकत्यांवर गोल ओरखडे होते. बोटाला करडी पूड लागली.

"चारही घातल्या?"

"घातल्या."

"एकामागं एक? त्याच यंत्रात?"

अप्पांनी यंत्राकडे पाहिले.

"अप्पा, एकच सुई चार जनावरांना?"

ते खाली बसले. त्यांची बायको म्हणाली, "पोरी, सणाचं बोलू नगंस." आपट्याची पाने त्या दिवशी कोणी कोणाला दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी अंबाजोगाईहून मेकॅनिक नवीन ड्राइव्ह घेऊन आला. तरुण होता. त्याने जुना ड्राइव्ह उघडला, आत बोट फिरवले आणि बोट उजेडात धरले.

"अप्पा, हे काय? पीठ?"

"विभूती."

त्याने अप्पांच्या कपाळाकडे पाहिले आणि हसू आवरले. "पहिल्या फ्लॉपीतली राख ह्या वाचायच्या डोक्याला चिकटली. मग ह्यानं जी येईल ती खरवडली. व्हायरसनं बी एवढं केलं नसतं."

"ह्यातलं काय निघंल?" मुलीने चार फ्लॉप्या पुढे केल्या.

"ह्यातलं न्हाई निघायचं, ताई."

तिने खिडकीबाहेर पाहिले. तिकडे शेळ्यांचे छप्पर होते. मग म्हणाली, "लाल दोऱ्याची आहे."

"ती न्हाई," अप्पा लगेच म्हणाले.

"श्रावणापर्यंतचं सगळं आहे तिच्यात."

"ती आजारी हाय. हे यंत्र आलं तवापासून साफ हाय. एकदा शिरलं की सगळा गोठा बसंल."

"गोठ्यात आता आहेच कोण, अप्पा?"

अप्पा उठले आणि मागच्या दाराने गेले. बराच वेळ आले नाहीत. त्यांची बायको बघायला निघाली, तेवढ्यात ते डबा घेऊन आत आले. दोरा त्यांनीच सोडला. मुलीची फ्लॉपी काढून मेकॅनिकला दिली आणि सांगितले, "सांगून देतो, ही परक्या यंत्राला लागलेली हाय."

"आमच्याकडं सगळ्याच लागलेल्या असत्यात," मेकॅनिक म्हणाला. त्याने व्हायरस काढायची फ्लॉपी पिशवीतून काढली. "आधी हिलाच साफ करतो."

"थांब बे!" अप्पांनी त्याचे मनगट धरले. "एकच जिवंत राहिलीय. हिला औषध देऊ नगंस. आधी नक्कल काढ. औषध नकलेला दे."

मेकॅनिकने मुलीकडे पाहिले. तिने मान हलवली. त्याने फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक खिटी सरकवली. तिथली खिडकी उघडली की फ्लॉपी फक्त वाचता येते, तिच्यावर काही लिहिले जात नाही. अप्पांनी ती खिडकी स्वतः डोळ्याशी धरून पाहिली. मग ते भिंतीपाशी गेले आणि विजेच्या बटणावर हात ठेवून उभे राहिले. काही वेडेवाकडे झालेच तर वीज बंद करायची होती.

नव्या ड्राइव्हमधून हलका टकटक आवाज आला. पडद्यावर फायलींची नावे आली. मुलगी ती मोठ्याने वाचत गेली. पहिले प्रकरण. दुसरे. तिसरे. चौथे. फायलींसमोरच्या तारखा निरुपयोगी होत्या. यंत्राच्या मते चौथे प्रकरण पहिल्याच्या दोन वर्षे आधी लिहिले गेले होते. पाचवे नव्हते. सुधारलेली कोष्टके नव्हती.

सगळे यंत्राच्या पोटात उतरवल्यावर मेकॅनिकने नकलेवर तपासणी चालवली. पडद्यावर लाल पट्टी उमटली.

"आहे एक," तो म्हणाला.

"होता ना?" अप्पा बटणापासूनच म्हणाले.

मेकॅनिकने नक्कल साफ केली. चारही प्रकरणे उघडून पाहिली. ती उघडली. अप्पांनी बटणावरचा हात काढला तेव्हा भिंतीवर ओल्या बोटांचे ठसे होते.

त्यानंतरचे दिवस पोत्यातल्या चिठ्ठ्यांचे होते. आई आकडे वाचून दाखवी, मुलगी कोष्टके पुन्हा भरी. घाटनांदूरची आत्या येऊन स्वयंपाक करू लागली. येताना तिने चटणी आणली आणि अप्पांनी ती खाल्ली. पाचवे प्रकरण आधीच्यापेक्षा लहान झाले. अप्पांना संगणकाच्या खोलीत कोणी मज्जाव केला नव्हता, पण ते उंबऱ्यापाशी बसत. दर तासाला विचारत, "उतरवलं का?" मुलगी "उतरवलं" म्हणे. नवी फ्लॉपी भरली की ते ती झडपेला न शिवता, कडेने धरून घेत आणि स्टँडवर जात.

छपाईसाठी मेकॅनिकने त्याच्या दुकानातल्या यंत्रात मुलीचा फॉन्ट बसवला. अप्पा सोबत गेले. फ्लॉपी देताना त्यांनी विचारले, "तुझा गोठा साफ हाय का?" मेकॅनिकने त्यांच्यासमोर तपासणी करून दाखवली. पहिले पान मराठीत आले तेव्हा त्यांनी ते उजेडात धरून वाचले, मग उलटे करून मागची बाजूही पाहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या कामाच्या दिवशी मुलगी प्रबंधाच्या बांधीव प्रती घेऊन विद्यापीठात गेली. संध्याकाळच्या गाडीने परत आली. तिच्याकडे शिक्का मारलेली पोच होती. मी ती पाहिली. तारीख खरी होती.

सकाळी अप्पांनी पोचेच्या तीन छायाप्रती काढल्या. एक कपाटात ठेवली. एक चौसाळ्याला जाणाऱ्या जीपवाल्याकडे दिली. तिसरी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून डब्यात घातली आणि स्टँडवर नेली. कंडक्टरने डबा कानाशी धरून हलवला, सीटखाली सारला आणि घंटी मारली. घाटनांदूरची गाडी वेळेवर सुटली.